नरसाळं वरच राहिलं

रविवारी व्हिडिओ कॉलवर अन्वीने मला विचारलं, "आजी, तू छान मॅडम होतीस की खडूस?"

तिच्या वर्गाला या शुक्रवारी तिथल्या विद्यापीठाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दाखवायला नेणार आहेत. दिवसभर. पांढरे कोट, डोळ्यांवर मोठे चष्मे, आणि मुलांनी स्वतःच्या हाताने करायचे प्रयोग. आपली आजी इथे मुंबईत असेच दिवस वीस वर्षं भरवत होती, हे तिला बाबाने सांगितलं असणार. मागून तिचा धाकटा भाऊ ईशान म्हणाला, "खडूस, खडूस." मी म्हटलं, "शिस्तीची होते," आणि तिकडे बर्फ पडलं का ते विचारलं.

ते उत्तर पुरं नव्हतं. उरलेलं इथे लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे. अन्वी, तुला वाचायला वेळ लागेल. ईशानला बाबाजवळ बसावं लागेल. माझं शिक्षण सगळं इंग्रजीत झालं, नेटकं काही लिहायचं म्हटलं की हात आपोआप तिकडे वळतो. ही हकीकत मी सोमवारी आधी इंग्रजीत लिहूनही पाहिली. फार चांगली उतरली. दोनदा वाचली तरी त्यात माझं काही चुकलं आहे असं वाटेना. मग ते कागद फाडून टाकले.

डिसेंबर सरत आला की आमच्या मुलुंडला डोंगराकडून सकाळची बरी थंडी येते. रस्त्याच्या कडेला हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या दिसतात, लोक कपाटातून स्वेटर काढतात आणि बसमध्ये डांबरगोळ्यांचा वास येतो. माझ्यासाठी हा वास म्हणजे भेटीचे दिवस. नाताळची सुट्टी संपल्यापासून संक्रांतीपर्यंत, आठवड्यातून दोनदा, उपनगरांतल्या ज्युनियर कॉलेजांची मुलं विद्यापीठात आमच्या रसायनशास्त्र विभागात यायची. अकरावीची, बारावीची. घाटकोपरहून, बोरिवलीहून, मानखुर्दहून. जिन्यात आधी त्यांचा आवाज यायचा, मग दारात एकदम गप्प व्हायची. मला ते गप्प होणं आवडायचं. प्रयोगशाळेचा मान ठेवला असं वाटायचं.

आदल्या दिवशी आम्ही सगळं मांडून ठेवायचो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे लॅब अटेंडंट सावंत. सावंत मालवणकडचे, वडील गिरणीत होते, आणि काचेच्या वस्तूला त्यांच्यासारखा हात मी कुणाचा पाहिला नाही. ओळीने वीस ब्युरेट. ब्युरेट म्हणजे हातभर उंचीची, अंगावर आकडे असलेली काचेची नळी, खाली तोटी. वरून नरसाळ्याने द्रव भरायचा, तोटी फिरवून थेंब थेंब खालच्या चंबूत सोडायचा आणि चंबूतल्या पाण्याला फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. नळीवरचा आकडा सांगतो किती द्रव लागला. आम्ही बाजारातला व्हिनेगर घ्यायचो आणि त्यात आम्ल किती आहे ते मुलांना काढायला लावायचो. खोलीभर तो आंबट वास, बर्नरच्या गॅसचा वास, ओल्या फरशीचा वास. अजूनही लोणच्याची बरणी उघडताना मला क्षणभर ती खोली दिसते.

बाकं वीस, मुलं चाळीस. निम्म्यांनी करायचं, निम्म्यांनी मागे उभं राहून बघायचं. त्यासाठी मी फिती काढल्या होत्या. निळी फीत लावलेला हाताने करणार, पिवळी फीत लावलेला बघणार. प्रत्येक फितीला टाचणी आधीच लावलेली, दोन वेगळ्या खोक्यांत. कोणाला कोणती, हे मी आलेल्या अर्जांवरून ठरवायची. अर्जात एक रकाना होता, दहावी कोणत्या माध्यमातून. इंग्रजी असेल तर निळी. मराठी, हिंदी, गुजराती असेल तर पिवळी. सूचना इंग्रजीत असतात, आम्लाशी खेळ आहे, समजलं नाही तर अपघात होईल, असं माझं कारण. कुणी विचारलं असतं तर मी ते ठामपणे सांगितलं असतं. वीस वर्षांत कुणी विचारलं नाही. चिठ्ठ्या टाकता आल्या असत्या. अर्ध्या वेळाने फिती बदलता आल्या असत्या. हे मला आत्ता लिहिताना सुचतं आहे असं नाही, तेव्हाही सुचलं होतं. वेळापत्रक बिघडलं असतं.

आणखी एक प्रथा होती, तीही माझीच. पहिला प्रयोग मी स्वतः करून दाखवायची. आदल्या दिवशी तोच प्रयोग तीनदा करून येणारा आकडा एका लिफाफ्यात बंद करायची आणि लिफाफा फळ्याला टाचायची. मग मुलांसमोर प्रयोग, मग एखाद्या मुलाच्या हातून लिफाफा फोडायचा. दोन्ही आकडे एकच. टाळ्या. मुलांना ती जादू वाटायची आणि मी सांगायची, ही जादू नाही, ही काळजी आहे.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती त्या जानेवारीत बोरिवलीच्या एका कॉलेजची मुलं आली. यादीत एक नाव होतं रोझलीन. आडनाव पोर्तुगीज वळणाचं. माध्यमाचा रकाना तिने कोरा ठेवला होता. मी क्षणभरही थांबले नाही, माझ्या पेनाने तिथे इंग्रजी लिहिलं आणि निळ्या खोक्यात तिची फीत टाकली. ख्रिश्चन मुलगी, रोझलीन नाव, दुसरं काय असणार. मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथल्या सगळ्या रोझलीन इंग्रजीतच बोलायच्या.

ही रोझलीन गोराईची होती. बोरिवलीच्या खाडीपलीकडे जुनं गाव, तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मासे धरतात, भात लावतात, चर्चमध्ये जातात आणि घरात मराठीच बोलतात. त्यांची स्वतःची मराठी, जिच्यात ळ चा ल होतो आणि ढ चा र. ती सकाळच्या पहिल्या लाँचने खाडी ओलांडून आली होती. बुटांच्या कडेला चिखल वाळलेला होता. मी तिला दारातच थांबवलं आणि पायपुसण्याकडे बोट दाखवलं. तिने दोन्ही बूट फार मन लावून पुसले, मग माझ्याकडे बघून हसली. एक दात थोडा पुढे. निळी फीत तिने दोनदा सरळ केली.

तिच्याबरोबर आलेले कदम सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, उन्हाळी वर्गासाठी आमच्याकडून हीच. हात बघा तिचा. मी बारा वर्षं शिकवतोय, असा हात नाही पाहिला."

उन्हाळी वर्ग म्हणजे मे महिन्यात दोन आठवडे आमच्या विभागात, संशोधन करणाऱ्यांच्या शेजारी काम. प्रत्येक कॉलेजातून एकच मूल. कॉलेजने नाव सुचवायचं आणि भेटीच्या दिवशी पाहून मी होकार द्यायचा. त्या दोन आठवड्यांतून पुढे किती मुलं शास्त्रात राहिली ते मला ठाऊक होतं, त्यांची पत्रं येत. म्हणजे माझ्या होकारावर काय अवलंबून होतं हेही मला ठाऊक होतं.

त्या दिवशी विभागप्रमुख अचानक आले, बरोबर दोन पाहुणे. मी ब्युरेट भरत होते. वळून नमस्कार केला, खुर्च्या मागवल्या, परत वळले आणि आकडा शून्यावर आणून बोलायला सुरुवात केली. इंग्रजीत, अर्थात. काय करणार, कशासाठी, कुठे चुका होतात. चुका कुठे होतात हे सांगताना पहिली चूक हीच सांगायची की भरून झालं की नरसाळं काढा. काढलं नाही तर त्याच्या दांडीला चिकटलेले थेंब मागाहून नळीत पडतात आणि आकडा खोटा येतो. ते वाक्य मी त्या दिवशीही म्हटलं. नरसाळं नळीवर तसंच होतं.

मी तोटी उघडली. चंबू गोल गोल फिरवत होते. इतक्यात पहिल्या ओळीतून आवाज आला.

"बाई, नरसाला वरच रेलाय."

दोन-तीन मुलं फसकन हसली. मागून कुणी हळूच म्हणालं, "नरसाला, अरे यार." मी वर पाहिलं नाही. म्हटलं, "इन इंग्लिश, प्लीज."

तिने नळीकडे पाहिलं. शब्द शोधत असणार. मग बोटाने दाखवायला पुढे झाली आणि म्हणाली, "बाई, आमच्याकं होडीत घासलेट भरताना... तो कारला नाय तर माप..."

"यू आर अ ब्लू रिबन," मी म्हटलं. "निळ्या फितीच्या मुलांना इंग्रजी सूचना समजायला हव्यात. तुझं माध्यम कोणतं?"

"मराठी, बाई."

"मग अर्जात लिहिलं का नाहीस?"

मी तोटी बंद केली, तिच्याजवळ गेले आणि तिच्या खिशावरची फीत काढली. टाचणी कापडात अडकली होती, मी ती ओढून काढली. सावंतांनी दुसऱ्या खोक्यातून पिवळी आणून दिली. मीच लावली. पाहुण्यांसमोर सगळं नीट व्हायला हवं होतं. ती मागे जाऊन उभी राहिली. जाताना तिने आणखी एकदा माझ्या नळीकडे पाहिलं.

मी परत बाकाशी आले तेव्हा मला नरसाळं दिसलं. काचेचं, स्वच्छ, खिडकीतल्या उजेडात चमकणारं. दांडीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता आणि मी बघत असतानाच पडला.

इथे थांबता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मी त्याआधी शेकडो मुलांकडून वदवून घेतलं होतं: माझी चूक झाली, पुन्हा भरते. मी नरसाळं उचललं, सवयीने उचलावं तसं, बाजूच्या ताटलीत ठेवलं आणि प्रयोग पुढे नेला. गुलाबी रंग आला. आकडा नऊ पूर्णांक आठ. एका मुलाने लिफाफा फोडला. दहा पूर्णांक दोन. टाळ्या वाजल्या नाहीत.

विभागप्रमुख हसून म्हणाले, "काय हो, तुमचा लिफाफा चुकला की तुम्ही?"

मी म्हटलं, "मध्ये व्यत्यय आला, सर. त्या मुलीच्या हाताचा बाकाला धक्का लागला."

हे मी मराठीत म्हटलं. तिला समजेल अशा मराठीत. तिचा हात बाकापासून वीतभर लांब होता. तिने मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिचा चेहरा एखादी रीत समजून घेणाऱ्या माणसासारखा होता, म्हणजे इथे असं असतं होय.

दिवस संपल्यावर सावंत ब्युरेट धुवत होते. पाठ माझ्याकडे. म्हणाले, "बाई, नरसाळां वरच होतां."

मी म्हटलं, "सावंत, उद्या घाटकोपरची मुलं आहेत. लिफाफा नवीन करायला हवा."

"होय बाई," ते म्हणाले. नळी उलटी करून त्यांनी स्टँडला लावली. आमच्यात त्या विषयावर पुढे कधी बोलणं झालं नाही. ते वारले तेव्हा मी भांडुपला त्यांच्या घरी गेले होते. त्यांची बायको म्हणाली, "तुमचा लय नाव काढीत. बाई म्हणजे घड्याळ." मी चहा अर्धा ठेवला.

त्या संध्याकाळी मी उन्हाळी वर्गाच्या यादीत रोझलीनच्या नावापुढे शेरा लिहिला, बाकाशी शिस्त नाही. इंग्रजीतही तीनच शब्द होतात. गळ्यात दोरीला बांधलेलं माझं पेन असायचं, त्याच पेनाने. तिच्या जागी त्याच कॉलेजातला दुसरा मुलगा घेतला, इंग्रजी स्वच्छ, पुढे तो बँकेत गेला.

दहा दिवसांनी कदम सर आले. सांताक्रूझ स्टेशनवरून चालत आले असावेत, शर्ट घामाने भिजला होता. उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, ती म्हणते तिने काही केलं नाही. मी तिला विचारलं, मग तू बोललीस का? तर म्हणते, हो, बोलले. म्हणते, बोलले तेच चुकलं."

मी त्यांना नियमांचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला. "बरोबर आहे," म्हणाले. "तुमचं सगळं लिहिलेलं असतं." दारापर्यंत जाऊन वळले. "पुढच्या वर्षी आम्ही दुसरीकडे नेऊ मुलांना."

तिचं पुढे काय झालं? अन्वी, तू हे विचारशील. मला माहीत नाही. गोराई इथून लांब नाही. कदम सरांचा नंबर माझ्या वहीत होता, क ह्या अक्षराखाली, नीट. मी विचारलं नाही. एकदा तुझ्या बाबाबरोबर त्या बाजूला फिरायला गेलो होतो. त्याला समुद्र बघायचा होता, तुम्ही दोघं जन्मायच्या आधीची गोष्ट. जेट्टीवर लाँचमध्ये एक माणूस डिझेल भरत होता. भरलं, नरसाळं काढून झटकलं, मग वाकून माप पाहिलं. मी तुझ्या बाबाला म्हटलं, ऊन फार आहे, परत जाऊ. तो म्हणाला, "आई, आत्ता तर आलो." आम्ही परत गेलो.

हे सगळं मी रविवारच्या कॉलनंतर आठवत बसले, आणि योगायोगाने काल मंगळवारी मला विभागात बोलावणं होतं. माझीच विद्यार्थिनी शलाका आता तिथे प्रयोगशाळा बघते. तिने महिनाभर आधी फोन केला होता, "मॅडम, या वर्षी भेटीच्या दिवशी प्रमाणपत्रं तुमच्या हातून द्यायची." मी लिंक रोडने टॅक्सीने गेले. वाटेत मरोळच्या बाजूला नाताळचे कागदी कंदील अजून काही गॅलऱ्यांत लटकत होते, रंग उडालेले.

जाताना मी ठरवलं होतं की दोन मिनिटं बोलायला मिळतील त्यात ही गोष्ट सांगायची. मुलांसमोर, शलाकासमोर. नाव न घेता पण सगळी सांगायची.

शलाकाने जिन्यातच मला वाकून नमस्कार केला. "मॅडम, बाकी युनिव्हर्सिटीची वाट लागली, पण तुमची सिस्टिम बघा. काहीही बदललं नाही." आणि माझ्या साडीला निळी फीत लावली.

दोन खोकी होती. तीच बहुतेक, कडेला चिकटपट्टी लावलेली. फळ्याला लिफाफा. मागच्या ओळीत पिवळ्या फितींची मुलं, हात मागे बांधून. शलाका मुलांना सांगत होती, ही पद्धत ज्यांनी बसवली त्या मॅडम आज इथे आहेत, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मला बोलायला सांगितलं. मी उठले. मी वक्तशीरपणाबद्दल बोलले. काचेच्या वस्तू हाताळण्याबद्दल बोलले. माझं इंग्रजी अजून चांगलं आहे. मग खाली बसले.

नंतर एक संशोधक मुलगा प्रयोग करून दाखवायला लागला. हुशार, पण घाईत. ब्युरेट भरली, आकडा पाहिला, बोलत बोलत तोटीला हात घातला. नरसाळं नळीवर तसंच होतं. चाळीस मुलं चंबूकडे बघत होती. मी खुर्ची मागच्या ओळीशेजारी घेतली होती, म्हणून मला दिसलं की एक मुलगी चंबूकडे बघत नाहीये. दोन वेण्या, पिवळी फीत. ती वर बघत होती, नळीच्या तोंडाकडे. तिचे ओठ किंचित उघडले आणि पुन्हा मिटले.

मी वाकून हळूच विचारलं, "काय दिसलं गं तुला?"

"नथिंग, मॅडम." पाठ केल्यासारखं.

"मराठीत सांग. मी कुणाला सांगत नाही."

"काही नाही, मॅडम."

नरसाळ्याच्या दांडीचा थेंब कधीही पडला असता. मी उठले, बाकाशी गेले, त्या मुलाला थांबवलं आणि नरसाळं उचलून ताटलीत ठेवलं. सगळे बघत होते. मी म्हटलं, आणि या वेळी मराठीत म्हटलं, "हे वर राहिलं होतं. तुमच्यापैकी एकीला दिसलं. या मुलीला." आणि मी तिच्याकडे हात केला.

चाळीस माना वळल्या. शलाकाची वळली, त्या मुलीबरोबर आलेल्या शिक्षकांची वळली. मुलगी एक पाऊल मागे सरकली, भिंतीला टेकली. तिने पिवळ्या फितीवर तळहात ठेवला.

"मी हात नाही लावला, मॅडम," ती म्हणाली. "मी इथेच होते. लांब."

"अगं, तू बरोबर होतीस," मी म्हटलं. "मला तेच सांगायचंय. तुझं नाव काय?"

गळ्यातलं पेन मी निवृत्तीनंतरही सोडलेलं नाही. बोलताना ते हातात धरायची मला सवय आहे. तिने उत्तर द्यायच्या आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या शिक्षकांकडे, मग पुन्हा पेनाकडे.

तिने नाव सांगितलं नाही.